पाच वाजताचा मजूर

आमच्या घरात दोन चर्च आहेत. माझं माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं, म्हणजे प्रॉटेस्टंट. सासर वसईचं, पोर्तुगीज काळापासूनचं कॅथलिक. लग्न ठरताना दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकमेकांच्या उपासनेविषयी शक्य तितकं कमी बोलायचं असं न बोलताच ठरवून टाकलं आणि ते बऱ्यापैकी पाळलं गेलं. अपवाद दोघांचा, माझी आत्या आणि माझा नवरा. आत्या निवृत्त शिक्षिका. रविवारच्या शाळेत तिने पिढ्यांना पौलाची पत्रं शिकवली. नवरा दिवाणी वकील. दोघं भेटले की बोलणं तारणावर येतंच, आणि मी मध्ये बसते, कारण मला दोन्ही घरी जेवायचं असतं.

या वेळी निमित्त झालं एका दफनविधीचं. नात्यातले एक काका वारले. दारू, मारहाण, बायकोचे दागिने विकणं, सगळं करून झालेलं. शेवटच्या आजारपणात पाळकसाहेब दवाखान्यात गेले. काकांनी रडून पापं कबूल केली, प्रभू येशूचं नाव घेतलं आणि थोड्याच दिवसांत गेले. कबरीपाशी पाळक म्हणाले, आपला भाऊ प्रभूजवळ पोचला. घरी येऊन हातात चहा येईपर्यंत माझा नवरा गप्प होता.

"आत्या, हे मला पटत नाही. उभा जन्म बायकोला मारलं. एक दिवस रडले. झाला हिशेब चुकता?"

"चुकता झाला असं कोण म्हणालं, जावईबापू? हिशेबाची वहीच मिटवली असं म्हणाले ते."

"हे तर त्याहून वाईट."

"वाईट वाटणारच. पौलाच्या काळातही वाटलं होतं. रोमकरांच्या पत्रात तो स्वतःच विचारतो, मग कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहायचं का? लोक त्याला असं विचारत असणार, तेव्हाच तर तो उत्तर देतोय. ज्या प्रवचनानंतर हा प्रश्न कुणालाच पडत नाही, त्यात कृपा नीट सांगितलेली नसते, असं मी तरी मानते."

"आणि इफिसकरांच्या पत्रात? तारण हे दान आहे, कर्मांचं फळ नाही, कुणी फुशारकी मारू नये म्हणून. हे वचन तुमच्या प्रत्येक घरात भिंतीवर असतं. तुम्ही नवव्या वचनाला थांबता. दहावं कुणी फ्रेम करत नाही. त्यात लिहिलंय की आपल्याला घडवलं तेच सत्कृत्यांसाठी."

"आधी नववं येतं, मग दहावं. मी तेवढंच म्हणते."

मला स्वतःला पौलाने दिलेलं कारण चमत्कारिक वाटत आलं आहे. कर्मांनी तारण का नाही, तर माणसं कमजोर असतात म्हणून, असं तो इथे म्हणत नाही. माणसं बढाई मारतील म्हणून, असं म्हणतो. ज्याने चांगलं काही केलेलंच नाही त्याला या वाक्याची भीती नाही. भीती आहे ती ज्याने पुष्कळ केलं आहे त्याला. पौल स्वतः कट्टर परूशी होता, नियमशास्त्रात निर्दोष असल्याची नोंद त्यानेच करून ठेवली आहे. तेव्हा हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान नव्हे.

नवरा याकोबाच्या पत्रावर आला. कॅथलिक माणूस याकोबावर येतोच.

"अब्राहाम विश्वासाने नीतिमान ठरला असं पौल म्हणतो. कर्मांनी ठरला असं याकोब म्हणतो. माणूस तोच. कोण खरं?"

"माणूस तोच, पण दिवस वेगळे. पौल बघतो उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायातली रात्र. म्हातारा, पोटी मूल नाही, देव म्हणतो आकाशातले तारे मोज, आणि हा विश्वास ठेवतो. तेव्हा त्याची सुंतासुद्धा झालेली नव्हती. याकोब बघतो बाविसावा अध्याय, इसहाकाला घेऊन डोंगर चढणारा बाप. मध्ये कितीतरी वर्षं गेली. याकोब एवढंच विचारतो, त्या रात्रीचा विश्वास पुढे कुठे दिसला?"

"लूथरला हे इतकं सोपं वाटलं नव्हतं. १५२२च्या नव्या कराराच्या प्रस्तावनेत त्याने याकोबाच्या पत्राला गवताचं पत्र म्हटलं."

"लूथर तापट होता. तापट माणसांची सगळी वाक्यं मनावर घ्यायची नसतात."

इथे मी मध्ये पडले, कारण दोघांच्या डोक्यात समोरच्याच्या धर्माचं एक व्यंगचित्र असतं आणि ते मला वर्षानुवर्षं दोन्ही जेवणाच्या टेबलांवर ऐकावं लागतं. नगरला वाटतं, कॅथलिक लोक स्वर्ग विकत घेतात. वसईला वाटतं, प्रॉटेस्टंट लोकांना पाप करायचा परवाना मिळालेला आहे. पहिल्या चित्राला इतिहासाचा आधार आहे. १५१७मध्ये योहान टेट्झल जर्मनीत दंडमाफीची पत्रं विकत हिंडत होता. लोकांना सांगितलं जाई, पैसा रोमच्या संत पेत्राच्या चर्चच्या बांधकामाला जातोय. जात होता, पण निम्माच. उरलेला निम्मा जात होता फुगर नावाच्या सावकारी पेढीकडे, कारण माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट याने आपलं पद मिळवण्यासाठी त्यांच्याकडून कर्ज काढलं होतं.

"कबूल," नवरा म्हणाला. "फक्त वकील म्हणून एक दुरुस्ती. त्या पत्रांनी पापाची क्षमा मिळत नव्हती. क्षमा झालेल्या पापाचा उरलेला दंड माफ होई, असा दावा होता."

"विकत घेणाऱ्या बाईला हा फरक कळत होता?"

"नाही. आणि विकणाऱ्याने तो कळू दिला नाही. पण आत्या, आमच्या ट्रेंटच्या परिषदेचं तुम्हाला कुणी शिकवलं का? जानेवारी १५४७. नीतिमान ठरण्यावरचा ठराव. त्याला जोडलेली तेहतीस कलमं. त्यातलं पहिलंच असं की, ख्रिस्ताच्या कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी देवापुढे नीतिमान ठरू शकतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत. तुमच्याविरुद्ध नव्हे, तुमच्याच बाजूचं कलम."

आत्याला हे माहीत नव्हतं. ती क्षणभर थांबली. "मग भांडण कशाचं?"

"कृपा मिळाल्यानंतरचं. तुम्ही म्हणता, माणूस रिकाम्या हाताने घेतो आणि संपलं. आम्ही म्हणतो, कृपेनेच तो हात चालायला लागतो आणि त्या हातून जे होतं त्यालाही देव मोल देतो. म्हणून कन्फेशननंतर आम्हाला प्रायश्चित्त असतं. नुसतं सुटलास, जा, असं नसतं."

या भांडणावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन चर्चनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. मूळ मुद्द्यावर आपण एकमताचे आहोत, उरलेल्या फरकांवरून एकमेकांना शाप द्यायची गरज नाही, असा तिचा सूर. २००६मध्ये मेथडिस्ट तिच्यात आले, २०१७मध्ये रिफॉर्म्ड परंपरेची चर्चं. साडेचारशे वर्षांच्या वैराचा असा निकाल लागला, पण मी तरी एकाही प्रवचनात त्याचा उल्लेख ऐकलेला नाही. भांडण वारशाने मिळतं, समेटाची मात्र चौकशी करावी लागते.

आत्याने मग आपलं खरं माणूस पुढे केलं.

"जावईबापू, कर्मांनी काय पदरात पडतं ते पंडिता रमाबाईंना विचारा. वडील अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं घर. तीर्थयात्रा, पुराणवाचन, ब्राह्मणभोजनं, दानं. होतं नव्हतं ते पुण्यात घातलं. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. आई, वडील, थोरली बहीण, सगळी उपाशी राहून राहून गेली. शास्त्रात सांगितलेलं एकही कर्म चुकवलं नव्हतं त्यांनी."

"पण त्या ख्रिस्ती झाल्या १८८३मध्ये, इंग्लंडात वाँटेजला. झालं ना तारण?"

"तिथेच तर गंमत आहे. रमाबाईंनी नंतर आपली साक्ष लिहिली, त्यात त्या म्हणतात की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्मा झाला, उपासना सुरू झाली, १८८९मध्ये मुंबईत शारदासदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, विधवांना शिकवलं. आणि मन तसंच. म्हणजे पुण्याची जुनी वही मिटली आणि ख्रिस्ती धर्मात येऊन त्यांनी नवी उघडली होती. बाप्तिस्म्यानंतर कोणी आठ वर्षांनी त्यांना उमगलं की इथे काही जमा करायचंच नाही. विल्यम हॅस्लम नावाच्या एका अँग्लिकन पाळकाचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. हा माणूस दुसऱ्यांना उपदेश करता करता स्वतःच्याच प्रवचनाने पालटला. पाळक होता, तरी तोवर त्याला स्वतःला काही मिळालेलं नव्हतं. रमाबाईंना त्यात आपण दिसलो."

"आणि त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या?"

"छे!"

"मग उदाहरण माझं झालं, आत्या. १८९६-९७चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. विणकाम, छापखाना, शेती. कृपेने तारलेली बाई मरेपर्यंत राबली."

"राबली. पण कशासाठी ते बघा."

"दुष्काळातल्या मुलीला काय त्याचं? भाकरी वाढणारी बाई देवाला घाबरून वाढते की त्याचे उपकार आठवून, तिला दोन्ही सारखंच."

"सारखं नाही," आत्या म्हणाली, आणि त्या दुपारचं सगळ्यात धारदार बोलणं मला हेच वाटलं. "पुण्यासाठी वाढणाऱ्याला भुकेला माणूस लागतो. तो उद्याही भुकेला आला तरच याचं उद्याचं पुण्य. ज्याला पुण्य नकोच आहे तोच त्या मुलीला छापखान्यात खिळे जुळवायला शिकवतो, म्हणजे तिला परत कुणाच्या दारात यावं लागणार नाही. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल त्याच मुलींनी जुळवलं आणि छापलं. बाई १९२२मध्ये गेल्या, पुस्तक १९२४मध्ये निघालं."

नवऱ्याने यावर वाद घातला नाही, पण मान्यही केलं नाही. धर्मादाय कामात पुण्य शोधणारी आणि तरीही माणसं उभी करणारी माणसं त्याने पाहिली आहेत. मीही पाहिली आहेत. आत्याचं वाक्य धारदार आहे म्हणून ते सरसकट खरं आहे असं नाही.

"बरं," तो म्हणाला, "द्राक्षमळ्याचा दाखला घ्या. पहाटेपासून राबलेल्याला एक दीनार, पाच वाजता आलेल्यालाही एक दीनार. सकाळचे मजूर कुरकुरले, आणि माझ्या मते त्यांचा दावा मजबूत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला त्या मळ्यात कोण येणार?"

"मत्तयाचा विसावा अध्याय परत वाचा. मालक पाच वाजता नाक्यावर जातो, तिथे उभ्या असलेल्यांना विचारतो, दिवसभर रिकामे का उभे? ते काय सांगतात?"

"आम्हाला कुणी कामाला घेतलं नाही."

"झोपलो होतो असं नाही म्हणाले. संध्याकाळी पाचपर्यंत नाक्यावर थांबलेला माणूस आळशी नसतो हो. आळशी असता तर बाराला घरी गेला असता. दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका घराची चूल. ती निम्मी दिली तर मुलं निम्मी जेवतात. आमचं घराणं महारवाड्यातलं. माझ्या आजोबांच्या आजोबांना गावात सांगत, तू मागच्या जन्मीचं फेडतो आहेस. येसकराची पाळी कर, मेलेली ढोरं ओढ, आणि हा तुझ्याच कर्माचा हिशेब आहे असं समज. जिथे वही दुसऱ्याने लिहिलेली आणि तुम्हाला वाचायलाही मनाई, तिथे कर्मांप्रमाणे मिळेल हे वाक्य न्यायाचं राहत नाही, जावईबापू. अशा माणसाला मिशनच्या शाळेत कुणी सांगितलं की देवाकडे तुझ्या नावाची थकबाकीच नाही. तुम्ही वसईकर चार-साडेचारशे वर्षांपूर्वीचे ख्रिस्ती. सकाळच्या पाळीचे मजूर. तुम्हाला हा दाखला खटकणारच."

तो हसला. मग म्हणाला, "आणि मंडळीत आल्यावर जात गेली?"

"नाही गेली. लग्नं अजून बघूनच होतात."

"आमच्याकडेही सामवेदी, वाडवळ, कोळी, ज्याची त्याची सोयरीक वेगळीच असे. फुकट मिळालेली कृपा घेताना सगळे सारखे, आणि मुलगी द्यायची वेळ आली की वही पुन्हा उघडते. मग कृपा शिकवून काय झालं?"

आत्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. कर्मांचं ओझं काढून घेणारी शिकवण माणसाला मोकळं करते, हे तिने दाखवलं. मोकळा झालेला माणूस दुसऱ्याला मोकळं करतोच असं नाही, हे त्याने दाखवलं. या दोन्ही गोष्टी नगर जिल्ह्यातल्या एकाच चर्चच्या एकाच बाकावर बसलेल्या मी पाहिल्या आहेत.

नवऱ्याने मुद्दा सोडला नाही. "न्यूटनचं बघा, जॉन न्यूटनचं. कृपेवरचं त्याचं गीत तुमच्याकडे गातात, आमच्याकडेही गातात. १७४८मध्ये वादळात त्याचं जहाज बुडायला आलं, त्याने देवाचा धावा केला. त्यानंतर काय केलं? गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला. रविवारी खलाशांची प्रार्थना घ्यायचा आणि खाली साखळ्यांत माणसं. १७५४मध्ये तब्येतीमुळे समुद्र सोडला, पश्चात्तापामुळे नाही. गीत १७७३चं. गुलामांच्या व्यापाराविरुद्धची पुस्तिका १७८८ची. वादळापासून पुस्तिकेपर्यंत चाळीस वर्षं. इतकी वर्षं ही कृपा काय करत होती?"

"पुस्तिकेत त्याने स्वतःला सोडलं नाही. कबुली फार उशिरा आली हेही त्यानेच लिहिलं. स्वर्ग हातचा जाईल अशी भीती असलेला माणूस असं लिहीत नाही, तो झाकतो. आपण अगोदरच स्वीकारलेले आहोत ही खात्री असली तरच माणूस आपल्याविरुद्ध साक्ष देतो."

"चांगलं आहे. पण गुलामांना कुणी विचारलं? देवाने न्यूटनला माफ केलं. जहाजावर जे मेले त्यांची सही कुठे आहे त्या माफीवर? दिवाणी दाव्यात दोन पक्षांनी तिसऱ्याचा हक्क परस्पर सोडला तर तो करार टिकत नाही. आज तेच झालं. काका आणि प्रभू येशू यांच्यात समझोता झाला, काकूंना कुणी बोलावलं नाही. त्यांचे विकलेले दागिने, त्यांचे मोडलेले हात, या सगळ्याची पावती पाळकांनी परस्पर फाडली."

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पाळकांनी काकूंशी बोलायला हवं होतं. काकांना अंथरुणावर क्षमा मागायची होती तर देवाआधी तिची मागायला सांगायला हवं होतं. ते चुकलं. शिकवण चुकली नाही."

"शिकवणीत ती जागा आहे?"

"जक्कय."

लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातला हा यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका, गर्दीतून येशू दिसेना म्हणून उंबरावर चढलेला. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि म्हणाला, आज मला तुझ्याच घरी उतरायचं आहे. जेवायला बसल्यावर, निदान मी तरी ते तसंच डोळ्यांपुढे आणते, जक्कय उठून म्हणाला की माझी निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. त्यावर येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं.

"बघा!" नवऱ्याने टेबलावर हात आपटला. "परतफेडीचं बोलल्यावर. आधी नाही. आणि दर बघा. मोशेच्या नियमशास्त्रात स्वतःहून कबूल झालेल्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढंच द्यावं लागतं. चौपट कधी, तर चोरलेलं मेंढरू विकलं किंवा कापलं तर. जक्कयाने कबुली स्वतः दिली आणि दर मात्र स्वतःला चोराचा लावला. असा अशील मला कधी भेटलेला नाही."

"आणि झाडाखाली उभं राहून येशूने काय विचारलं? किती लुबाडलंस? कधी परत करतोस? काही नाही. लुबाडलेल्या पैशाने बांधलेल्या घरात आधी जेवायला गेला. गावाने नाकं मुरडली ती त्यासाठीच. इफिसकरांच्या नवव्या वचनाने जक्कय झाडावरून उतरला आणि दहाव्या वचनाने त्याने तिजोरी उघडली."

"पण तिजोरी उघडली नसती तर?"

"तर तो उतरलाच नव्हता असं मी म्हटलं असतं."

"हे ट्रेंटचं मत आहे, आत्या."

"असेल. मला पौलाकडून मिळालं."

मला वाटलं इथे संपेल, पण आत्या उठून आत गेली, आपलं जुनं पवित्र शास्त्र घेऊन आली आणि फिलेमोनाचं पत्र काढलं. पौलाच्या पत्रांतलं सगळ्यात छोटं, पंचवीस वचनांचं. अनेसिम नावाचा गुलाम आपल्या धन्यापासून, फिलेमोनापासून दूर झालेला, बहुधा काही नुकसान करून. तुरुंगात पौलाच्या संगतीत तो ख्रिस्ती झाला. पौल त्याला धन्याकडे परत पाठवतो, आता गुलाम म्हणून नव्हे, भाऊ म्हणून स्वीकार अशी विनंती करून.

"कर्मांवाचून तारण असं जन्मभर सांगणारा हाच माणूस," आत्या म्हणाली. "त्याने असं लिहिलं नाही की देवाने अनेसिमाला क्षमा केली, तू आपलं नुकसान विसर. त्याने लिहिलं, याच्याकडून तुझं काही येणं असेल तर ते माझ्या नावावर मांड. मी, पौल, स्वतःच्या हाताने लिहून देतो, मी फेडीन."

नवऱ्याने चष्मा लावून ते वचन दोनदा वाचलं. "म्हणजे हमीपत्र. स्वहस्ताक्षरात. वही मिटवली नाही त्याने, देणेकरी बदलला. आणि फिलेमोनाचं येणं कुणी बुडवलं नाही."

"तुम्हाला आवडेल असं वाटलंच होतं."

"फेडलं का त्याने?"

"ते पत्रात नाही. तुरुंगात होता तो, पैसे कुठले? पुढे फक्त एवढं लिहिलंय की माझ्यासाठी उतरायची खोली तयार ठेव."

"म्हणजे वसुलीला सोपं," नवरा म्हणाला. "देणेकरी फिलेमोनाच्याच घरी उतरणार."